आवडलं, पण का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कादंबरी संपते तेव्हा डोक्यात खूप काही असतं. पंधरा दिवसांनी कुणी विचारलं, तर ‘छान आहे, वाच’ यापलीकडे काही सांगता येत नाही. नोंदी ठेवून पाहिल्या, पण वाचनातली मजाच गेली. काय करावं?

उत्तर : मजा जाते ती नोंदी फार झाल्या की. पानापानावर पेन्सिल फिरू लागली की कादंबरी मागे पडते आणि परीक्षेची तयारी सुरू होते. तीनशे पानांच्या कादंबरीला दहा-बारा नोंदी पुष्कळ झाल्या, आणि एकही नोंद एका ओळीहून मोठी नको.

पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या आणि तोच खूण म्हणून पुस्तकात ठेवा. वर पुस्तकाचं नाव आणि वाचायला घेतल्याची तारीख, डावीकडे पान क्रमांक, उजवीकडे चार-पाच शब्द. पान क्रमांक टाकायला विसरू नका. ‘बापलेकांचं भांडण सुरेख’ एवढंच लिहिलेलं असेल, तर ते भांडण पुन्हा शोधताना अर्धा तास जातो आणि माणूस कंटाळून नाद सोडतो. ई-पुस्तक वाचत असाल तर प्रकरण क्रमांक लिहा. अक्षरं लहान-मोठी केली की बऱ्याच उपकरणांवर पानांचा हिशेब बदलतो.

नोंद कशाची करायची, हे ठरवताना बहुतेकांची गफलत होते. सुंदर वाक्यं उतरवून घेतली जातात. ती वहीत शोभतात, पण त्यांवरून कादंबरीबद्दल मत बनत नाही. त्याऐवजी तीन जागा टिपा : जिथे तुम्ही थांबून मागचा परिच्छेद पुन्हा वाचलात, जिथे नजर भराभर खाली सरकली, आणि जिथे ‘हे पटत नाही’ असं वाटलं. दुसऱ्या प्रकारची नोंद लोक टाळतात, कारण आपणच नीट वाचलं नाही असं त्यांना वाटतं. पण पान ९० ते १२० तुम्ही चाळत गेलात, हीसुद्धा त्या कादंबरीबद्दलची माहितीच आहे. तिथे वर्णनं लांबली होती, की एखादं पात्र दोनदा तेच सांगत होतं, हे नंतर बघता येतं.

साधारण निम्मं पुस्तक झालं की एकदा थांबा आणि दोन ओळींत लिहा : आत्ता मला काय वाटतंय, आणि पुढे काय होईल असं वाटतंय. याचं कारण आहे. शेवट रंगला तर मधला रटाळपणा माफ होतो, शेवट फसला तर आधीची उत्तम दोनशे पानंही फिकी वाटू लागतात. ती दोन वाक्यं हाताशी असली की शेवटाने मनावर किती रंग चढवला ते कळतं. पुस्तक संपल्यावर पहिलं प्रकरण पुन्हा वाचा, दहा-पंधरा मिनिटंच लागतात. चांगल्या कादंबरीचं पहिलं प्रकरण दुसऱ्यांदा वाचताना वेगळंच दिसतं. लेखकाने तिथे काय पेरलं होतं, ते आता उगवलेलं असतं.

मग दोन दिवसांच्या आत दीडशे-दोनशे शब्द लिहून काढा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो. त्याने निरर्थक अक्षरगट पाठ केले होते. कादंबरी त्यापेक्षा जास्त टिकते, पण बारकावे तिथेही लवकर गळतात.

आता नोंदीचं मत कसं होतं ते पाहा. समजा, कागदावर लिहिलंय : ‘पान १४३, आई गेल्याची बातमी, दूध’. यावरून ‘लेखकाने दुःख फार संयमाने रंगवलंय’ असं लिहिलंत, तर ते वाक्य शंभर पुस्तकांना लागू पडेल. त्याऐवजी असं लिहा : ‘आई गेल्याचं कळतं तेव्हा नायक उतू जाणारं दूध खाली उतरवतो, ओटा पुसतो, आणि पुढची तीस पानं आईचं नाव काढत नाही. तो दुःख टाळतोय हे आपल्याला कळतं, त्याला कळत नाही.’ हे दुसऱ्या कुठल्याच पुस्तकाबद्दल लिहिता येणार नाही. आपलं मत तपासायची कसोटीच ही : पुस्तकाचं नाव झाका आणि वाचा. ते दुसऱ्या पुस्तकालाही चालत असेल, तर अजून लिहायचं बाकी आहे.

प्रश्न : नुकतंच एक आत्मचरित्र वाचलं. लेखिका मला अजिबात आवडल्या नाहीत, आणि काही प्रसंग खरे असतील असंही वाटलं नाही. पण त्यांचंच आयुष्य, त्यांनीच लिहिलेलं. त्यावर मत देणारे आपण कोण?

उत्तर : त्यांच्या आयुष्यावर मत देऊ नका, पुस्तकावर जरूर द्या. ‘त्यांनी नवऱ्याला सोडायला नको होतं’ हे आयुष्यावरचं मत झालं. ‘नवऱ्याला सोडल्याचं प्रकरण दोन पानांत उरकलं, आणि त्याआधीच्या सहलीला मात्र वीस पानं दिली’ हे पुस्तकावरचं मत. माणूस न आवडणं हा तर पुस्तकाचा दोष नव्हेच. स्वतःचा कोतेपणा, मत्सर, भित्रेपणा झाकून न ठेवणाऱ्या लेखकाबद्दल वाचकाला चीड येते, आणि नेमकं ते पुस्तक प्रामाणिक असतं. उलट ज्यात लेखक प्रत्येक भांडणात बरोबर ठरतो, तिथे सावध व्हा.

खरेपणाबद्दल म्हणाल, तर आत्मचरित्र म्हणजे पंचनामा नव्हे. लेखक वाचकाला वचन देतो ते एवढंच : मला जसं आठवतं तसं मी सांगतो, जाणूनबुजून खोटं सांगत नाही. ते वचन पाळलंय का, हे घरबसल्या काही प्रमाणात तपासता येतं. सालं आणि वयं यांची बेरीज करून पाहा. आठव्या वर्षी पाहिलेली घटना सालाप्रमाणे बाराव्या वर्षी येत असेल, तर निदान स्मरणाची गल्लत आहे. मग संवाद पाहा. पाचव्या वर्षी ऐकलेलं संभाषण अवतरणचिन्हांत, पानभर, शब्दशः आलं असेल तर ते रचलेलं आहे. यात लबाडीच असते असं नाही, पण त्यातल्या एखाद्या शब्दावर भिस्त ठेवून मत बनवू नका. तिसरं पाहायचं ते असं : हे लेखकाला कळलं कसं? बंद दाराआड दोन माणसं काय बोलली, हे तिथे नसलेला माणूस सांगत असेल, तर ‘नंतर काकूंनी सांगितलं’ असा दुवा हवा. तो नसेल तर लेखक कादंबरीकाराची मोकळीक घेतोय, असं बेलाशक लिहा.

यानंतर गाळलेल्या जागा शोधा. कागदावर आडवी रेघ ओढून तिच्यावर लेखकाची वर्षं मांडा आणि प्रत्येक प्रकरण कुठल्या वर्षांवर आहे ते लिहा. कुठे सहा-सात वर्षांची रिकामी जागा दिसते. तिथे काय झालं असेल याचे तर्क लढवू नका, पण ती जागा रिकामी आहे हे नोंदवा. आठवणींच्या पुस्तकाला मात्र हा निकष लावू नका. आत्मचरित्रात आयुष्याचा सगळा पट अपेक्षित असतो, आठवणींत एखादं दशक, एखादं घर, एखादं माणूस पुरतं.

कोण बोलतंय आणि कुणी लिहिलंय, हेही उघडून पाहावं. १९७८च्या ‘बलुतं’मध्ये दया पवार आपली कहाणी दगडूच्या तोंडून सांगतात. दगडू हे त्यांचंच घरचं नाव, म्हणजे आपण एकाच माणसाची दोन रूपं समोरासमोर ऐकत असतो. हा मांडणीचा निर्णय सोडून ‘गरिबीचं विदारक चित्रण’ एवढंच म्हटलं, तर पुस्तकावर अन्याय होतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून चार भागांत आली. चौथा भाग त्यांच्या हातून अपुरा राहिला, तो मुलाने, देवदत्त टिळकांनी पूर्ण केला. अखेरच्या पानांत सूर बदलल्यासारखा वाटला, तर त्याचं माप लक्ष्मीबाईंच्या पदरात घालण्याआधी हे ठाऊक हवं. म्हणून प्रस्तावना आणि आवृत्तीचं पान वगळू नका. मुखपृष्ठावर ‘शब्दांकन’ असं दिसलं, तर वाक्यं सांगणाऱ्याची की लिहिणाऱ्याची, हा प्रश्न मतात यायलाच हवा.

प्रश्न : नायक बायकांबद्दल इतकं कडवट बोलतो की कादंबरी फेकून द्यावीशी वाटली. लेखकाचीच मतं ही, नाही का?

उत्तर : घाई करू नका. विश्राम बेडेकरांच्या १९३९च्या ‘रणांगण’मध्ये प्रेमभंगाने कडवट झालेला चक्रधर स्वतःच बोलतो. पण युरोपातून तो ज्या बोटीने परततो, तिच्यावर हर्टा ही ज्यू तरुणी आहे, आणि ती जवळ येते तसतसं त्याचं बोलणं त्याच्याच अंगावर उलटतं. तुमच्या कादंबरीतही हेच पाहा : नायकाच्या मताला धक्का देणारं कुणी आहे का, त्या मताची किंमत त्याला मोजावी लागते का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं आणि लेखकाचं निवेदनही नायकाचीच री ओढत असेल, तर तुमचा राग रास्त आहे. तसं पान क्रमांकासह लिहा.

प्रश्न : अनुवादित कादंबरीची भाषा खटकली. दोष कुणाचा मानायचा?

उत्तर : कथानक, पात्रं, प्रसंगांचा क्रम यांबद्दलचं मत सहसा मूळ लेखकाकडे जातं. वाक्यांची लय, बोलीची निवड, विनोद फसणं यांबद्दल बोलताना ‘अनुवादात’ हा शब्द घाला. पात्रं एकमेकांना ‘तू’ म्हणतात की ‘तुम्ही’, हा निर्णय कित्येकदा सर्वस्वी अनुवादकाचा असतो, कारण इंग्रजीसारख्या भाषेत हा फरक सर्वनामात दिसत नाही. तिथे सासू-सुनेचं किंवा मालक-नोकराचं नातं बिघडलेलं वाटलं, तर आधी अनुवाद तपासा.

प्रश्न : अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल बोलावं का?

उत्तर : बोला, पण कुठल्या पानावर सोडलं ते आधी सांगा, आणि रचनेबद्दल किंवा शेवटाबद्दल एक अक्षर काढू नका. भाषा आणि सुरुवातीची पकड, एवढंच तुमच्या हाती आहे.

प्रश्न : दुसऱ्यांसाठी मत लिहिताना गोष्ट किती सांगावी?

उत्तर : पहिल्या पाचव्या हिश्श्यात जे घडतं ते मोकळेपणाने सांगा, म्हणजे तीनशे पानांतली पहिली साठ. त्यापुढचं सांगायचं झालं, तर घटना न सांगता तिचा परिणाम सांगा : ‘मधल्या एका पत्राने सगळी नाती पुन्हा मांडावी लागतात’. पत्रात काय होतं ते गुपित राहू द्या. आत्मचरित्रात गुपित फारसं नसतं, लेखक पुढे कोण झाला हे बहुधा ठाऊकच असतं. तिथे सगळं सांगितलं तरी चालतं, फक्त त्यातल्या हयात माणसांबद्दल लेखकाने जे लिहिलंय ते ‘लेखकाच्या म्हणण्यानुसार’ असं म्हणूनच पुढे सांगा.