भुईआवळ्यानं कावीळ उतरते का?

प्रश्न : आमचे आबाजी काविळीवर भुईआवळ्याचा पाला गाईच्या दुधात वाटून अनशापोटी देतात. पैसे घेत नाहीत. लोक लांबून येतात, बरे होतात. मी बी.एस्सी.ला आहे. लॅबमध्ये तपासून हा गुण सिद्ध करता येईल का?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आधी झाड पक्कं करा. धुऱ्यावर भुईआवळा म्हणून दोन-तीन जाती उगवतात. डहाळी उलटी करून बघा. फळं गुळगुळीत आणि बारीक देठावर लोंबणारी असतील तर तो फायलँथस अमारस. खरबरीत, डहाळीला चिकटलेली असतील तर त्याचीच दुसरी जात, फायलँथस युरिनॅरिया. आबाजी नेमकं कुठलं उपटतात ते त्यांच्यासोबत वावरात जाऊन पाहा. मुळा-फळांसकट एक रोप वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांकडून ओळख पटवून घ्या. सोयाबीनवर तणनाशक मारलेल्या वावराजवळचा पाला मात्र कुणालाही देऊ नका.

लॅबमध्ये फायलँथिनसारखी द्रव्यं सापडतील. पण रोगी त्यामुळंच बरा झाला, हे लॅब सांगणार नाही. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. पाला घेणारे आणि न घेणारे, दोघांचं बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारं पिवळं द्रव्य) शेजारी मांडल्याशिवाय निकाल लागत नाही. तशी चाचणी नैतिकता समितीच्या परवानगीनं डॉक्टरांनीच करायची असते. तुम्ही घरी करू नका.

मद्रासच्या संशोधकांनी १९८८ साली ‘बी’ काविळीचे विषाणू अंगात असलेल्यांवर अशी चाचणी केली. भुईआवळा घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, नुसती बिनऔषधी भुकटी घेतलेल्या २३ पैकी एकाचीच. केवढी आशा वाटली होती! पुढं इतरांनी करून पाहिलं, तेव्हा तसा गुण आला नाही. मला या रोपट्याचा जीव की प्राण लळा आहे, तरी विद्यार्थ्यांना मी हे दोन्ही निकाल एकत्रच शिकवत आलो.

आबाजींचं ज्ञान मोलाचं आहे. पाला कधी तोडतात, किती देतात, पथ्य काय सांगतात, सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत त्यांच्या संमतीनं नोंदवा.

आणि त्यांना आजच सांगा : गरोदर बाईला कावीळ झाली, रोगी बरळू लागला किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर पाला वाटत बसू नका, थेट जिल्हा रुग्णालयात न्या. ‘ई’ कावीळ गरोदरपणात जिवावर बेतते.