गूढ शब्दकोड्यातले फ्रेंच शब्द आणि मोजमापे

आपण इंग्रजी गूढ शब्दकोडी (क्रिप्टिक क्रॉसवर्ड, ज्यांत सूचनेतले शब्द उत्तरातली अक्षरे लपवून सांगतात) नुकतीच सोडवू लागला आहात, तेव्हा फ्रेंच येत नाही म्हणून अडून बसू नका. कोडेकारांना लागणारे फ्रेंच शब्द बोटांवर मोजण्याइतकेच असतात. सुरुवातीला एवढे पुरे:

- सूचनेत ‘द फ्रेंच’ दिसल्यास उत्तरात एल-ई, एल-ए किंवा एल-ई-एस.
- ‘ऑफ फ्रेंच’ दिसल्यास डी-ई, डी-यू किंवा डी-ई-एस.
- ‘अँड फ्रेंच’ म्हणजे ई-टी.

खरा चकवा ‘नाइस’चा आहे, कारण नीस या फ्रेंच शहराचे स्पेलिंग तेच असते. ‘समर इन नाइस’ म्हणजे ई-टी-ई, फ्रेंच उन्हाळा. मी मात्र बोरिवलीहून चर्चगेटला जाताना ‘छान’ हाच अर्थ धरून बसलो होतो आणि दादर आले तरी तीन घरे रिकामीच होती. हा शब्द सूचनेच्या आरंभी असेल तर अधिक सावध राहावे, कारण तिथे पहिले अक्षर मोठे असतेच आणि त्यावरून शहर की ‘छान’ हे कळत नाही.

मोजमापांत ‘अर्ग’ (कार्य), ‘ओहम’ (विद्युत रोध) आणि छापखान्यातील रुंदीचे माप ‘एम’ व त्याच्या निम्मे ‘एन’ आधी शिका. ए-आर-ई ही तीन अक्षरे नवशिके केवळ क्रियापद समजतात. वास्तविक तो आपल्या सातबाऱ्यावरचाच ‘आर’, म्हणजे 100 चौरस मीटर. ‘रॉड’, ‘पोल’ आणि ‘पर्च’ ही साडेपाच यार्डांचीच तीन नावे असल्याने आडवी-उभी अक्षरे जुळेपर्यंत तिथे पेन टेकवू नका. जुनी वजने तूर्त बाजूला ठेवा.