वाचकांचे प्रश्न : एक पेन्शन, दोन सरकारे

प्रश्न : माझ्या आजीचे वय 72 असून तिला दरमहा 1500 रुपये मिळतात, मात्र पासबुकात एका महिन्यात 200 आणि 1300 अशा दोन नोंदी दिसल्या. असे का?

उत्तर : आपल्या आजींना दोन योजनांचा लाभ एकत्र मिळत आहे. 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमातून दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना केंद्र सरकार 79 वर्षांपर्यंत 200 आणि 80 नंतर 500 रुपये देते, तर उरलेली रक्कम राज्याच्या श्रावणबाळ योजनेतून भरली जाते. म्हणजे ऐंशीनंतर केंद्राचा वाटा वाढला तरी आजींच्या हाती पडणारी रक्कम तेवढीच राहते, कारण राज्याचा वाटा 1000 वर येतो! दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलेल्या, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांपर्यंत असलेल्या वृद्धांचा संपूर्ण भार राज्यच उचलते. पैसा कोणाचाही असो, अर्ज, छाननी आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला या साऱ्यांसाठी तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेतच जावे लागते. त्यामुळे हप्ता अडकल्यास प्रथम तेथेच चौकशी करावी.