पगार मुलाचा, दिवस काकांचा

प्रश्न : बारावी झाले. गुहागरला शेजारच्या काकांना सांभाळते. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं अडखळतं. पगार मुंबईहून मुलगा पाठवतो. काका एक म्हणतात, मुलगा दुसरं. ऐकायचं कुणाचं? यात करिअर आहे का?

उत्तर : काकांचं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ वाच. मदत करणाऱ्याने अवाजवी दबाव आणायचा नाही आणि मदतीची व्यवस्था बदलायचा हक्क दिव्यांग व्यक्तीचा, असं त्यात आहे. म्हणजे तू नकोस हेही काका सांगू शकतात!

उजवी बाजू लुळी म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या भागाला, आणि बहुतेकांची भाषेची केंद्रं तिथेच असतात. शब्द सापडत नाहीत म्हणजे मत नाही, असं नव्हे. ‘काय खाणार?’ विचारलंस तर ते नुसती मान हलवतील आणि तू होकार धरशील. पेज आणि घावणे, दोन्ही समोर धर. मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. त्यांचं वाक्य आपण पुरं केलं की निर्णय आपला होतो. मोठी बाब असेल, डॉक्टर बदलणं वगैरे, तर तासाभराने पर्यायांचा क्रम उलटून पुन्हा विचार. दोन्हीदा उत्तर तेच आलं तर वहीत तारखेसह लिही. मुलाचा फोन आला की स्पीकर लावून काकांसमोर ठेव. ते अडले तरच वही वाच.

आज आंघोळ नको म्हणाले, तर नको. रक्तदाबाची गोळी नको म्हणाले, तर ती भातात कालवून देऊ नकोस. कारण विचार आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळव. यूपीआयचा पिन स्वतःकडे ठेवू नकोस. गणपतीत चाकरमानी आले की काकांची खाट मागच्या पडवीत सरकते, तेव्हा आरतीला कुठे बसायचंय ते आठवडाभर आधीच विचारून ठेव.

करिअर आहे. जनरल ड्युटी असिस्टंट (रुग्णालयातला मदतनीस) किंवा होम हेल्थ एड (घरी रुग्णसेवा करणारा) यांचा कोर्स बघ, दिव्यांगांसाठीच्या केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘सहयोगी’ या काळजीवाहक प्रशिक्षण योजनेचीही चौकशी कर. प्रवेशाआधी एकच प्रश्न विचार : प्रत्यक्ष रुग्णासोबत किती तास? उचलणं, कूस बदलणं हातानेच येतं.

ब्रिटनमध्ये १९९६च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाला काळजीचा पैसा थेट दिव्यांग व्यक्तीच्या हाती देता येऊ लागला. मदतनीस ती स्वतः नेमते. आपल्याकडे पैसा बहुधा मुलाकडून येतो, म्हणून तुझी ही ओढाताण. तास, सुट्टी, पगाराची तारीख कागदावर लिहून घे. आधी काकांचा डावा अंगठा, मग मुलाची सही.