ठाणे स्टेशनवर कुणी चक्कर येऊन पडलं, तर एवढ्या गर्दीतून लगेच कुणी पुढे का येत नाही?

माणसं निर्दयी झालीत, हे उत्तर सोपं आहे पण बहुतेक वेळा चुकीचं.

डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८च्या प्रयोगात इंटरकॉमवर एकाला फिट आल्याचं ऐकवलं गेलं. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण आवाज थांबायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटल्यावर हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. जबाबदारी वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी येते.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. प्रकरण गंभीर आहे का, हे आपण शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवतो. तोही आपलाच चेहरा बघत असतो. सगळे शांत, म्हणजे काही विशेष नसावं! त्यात ८:१२ची फास्ट समोर लागली असेल तर बघायलाच नको.

म्हणून “कुणीतरी मदत करा” असं ओरडू नका. एकाकडे बोट दाखवा: “निळा शर्ट, तुम्ही १०८ला फोन लावा. ताई, तुम्ही स्टेशन मास्तरांना सांगा.” काम नेमकं दिलं की माणूस सहसा हलतो. पडलेला शुद्धीवर नसेल पण श्वास चालू असेल, तर कुशीवर वळवा. तोंडात पाणी घालू नका. फिट असेल तर कांदा-चप्पल हुंगवणंही नको.

मात्र गर्दी म्हणजे कायम बघेच, असंही नाही. सीसीटीव्हीतल्या रस्त्यावरच्या भांडणांच्या २०१९मधल्या एका अभ्यासात दहापैकी नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलंच होतं.