शेवंताला आधी तिचं काम करू दे

प्रिय दोस्ता,

तुझ्या व्हिडिओ गेमची स्क्रिप्ट वाचून काढली. लढाया, नकाशा, तांड्याचा घाटातला प्रवास यांवर मला फारसं म्हणायचं नाही, ते जमलंय. हे पत्र फक्त शेवंताबद्दल आहे. तांबटाची मुलगी, तांड्याबरोबर हिंडते, मोडकी चिलखतं सांधून देते, तोंडाने फटकळ. पहिल्या दोन मुक्कामांत ती मला फार आवडली. मग खेळाडू तिला चांदीचे पैंजण देतो, तिच्या मर्जीचा आकडा साठावर जातो आणि बाई एकदम लाजतात. नजर खाली, पदराशी चाळा, "तुमच्यासारखं माणूस मी बघितलं नाही." तिथे शेवंता संपली. पुढे तिच्या नावाने जे बोलतंय ते खेळाडूला मिळालेलं बक्षीस आहे.

ही सवय तुला खेळांनीच लावलीय म्हणा. २००९च्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये प्रत्येक सोबत्याची मर्जी आकड्यात दिसते आणि भेटवस्तू देऊन ती चढवता येते. मॉरिगन या सोबतिणीच्या देखत कुणा गरजवंताला मदत केली की ती नाक मुरडते. पण रात्री कॅम्पवर तिच्या हातात एखादा दागिना ठेवला की प्रकरण मिटलं! २०२३मध्ये 'बाल्डर्स गेट ३' आला तेव्हा तर पहिल्या काही तासांतच अर्धा कॅम्प खेळाडूच्या गळ्यात पडायला लागला. लारियन स्टुडिओचे स्वेन विंके यांनी नंतर सांगितलं की मर्जीच्या मर्यादा फार खाली राहिल्या होत्या, तो बग होता. पुढे पॅचमध्ये, म्हणजे खेळाच्या दुरुस्तीत, ते सुधारलं. यात तुझ्या कामाचं काय, तर पात्रं तीच होती, संवाद तेच, नटही तेच. एक आकडा खाली राहिला आणि चांगली लिहिलेली माणसं लगट करणारी वाटू लागली.

आकडा काढून टाक असं मी म्हणत नाही. प्रोग्रामरला काहीतरी तपासायला लागतंच. पण आकड्याने फक्त कडी काढावी, दार कुणीतरी घडलेल्या गोष्टीने ढकलावं. म्हणजे अट नुसती 'मर्जी साठ' अशी ठेवू नकोस. 'मर्जी चाळीस, आणि चौकीवर शिपायांनी खोदून विचारलं तरी खेळाडूने तिच्या बापाचा ठावठिकाणा सांगितला नाही' अशी ठेव. तो चौकीचा प्रसंग तुझ्या स्क्रिप्टमध्ये आहेच, पण त्यानंतर शेवंता त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. इतकी मोठी गोष्ट घडते आणि तिच्यावर ओरखडासुद्धा उठत नाही, मग पैंजणांनी कसा उठेल?

आता मुख्य मुद्दा. शेवंताला खेळाडू सोडून दुसरं काय हवंय? तुझ्या टिपणात लिहिलंय, 'बापाला शोधतेय.' ठीक, पण पूर्ण खेळात ती बापाला शोधताना दिसतच नाही. खेळाडू येईपर्यंत ती भट्टीशेजारी उभी असते, तो गेला की तिथेच उभी राहते. तिचं स्वतःचं काही चालू असल्याशिवाय ती कुणाच्या प्रेमात पडली काय आणि न पडली काय, फरक पडत नाही.

'बाल्डर्स गेट ३'मधल्या अस्टारियन या सोबत्याचं उदाहरण घे. (तो खेळ अजून पुरा केला नसशील तर हा परिच्छेद सोडून पुढे जा.) दोनशे वर्षं तो एका व्हॅम्पायर मालकाचा गुलाम होता आणि त्या मालकासाठी माणसं भुलवून आणणं हेच त्याचं काम. त्यामुळे पहिल्या अंकात तो चटकन जवळ येतो. खेळाडूला वाटतं, वा, किती सोपं होतं. दुसऱ्या अंकात एक बाई त्याला भेटते. 'माझं रक्त पी, मोबदल्यात एक दुर्मीळ औषध देते' असा तिचा प्रस्ताव असतो. त्याच्या अंगावर काटा येतो. औषधाच्या लोभाने खेळाडू त्याला पुढे ढकलू शकतो, आणि ढकललं नाही तर पुढे कधीतरी तो कबूल करतो की तुला भुलवायचं ते एवढ्यासाठीच, की तू माझं रक्षण करावंस. म्हणजे आधी जो सोपेपणा वाटला त्याला कारण होतं, आणि ते कारण खेळाडूशी नव्हे तर त्याच्या दोनशे वर्षांशी बांधलेलं होतं. लेखकांनी प्रेमाचे प्रसंग वाढवले नाहीत. त्यांनी अस्टारियनला एक भीती दिली आणि ती शेवटपर्यंत धरून ठेवली.

त्याच खेळातली कारलॅक घे. छातीत नरकातलं इंजिन, अंग इतकं तापलेलं की कुणाला हात लावता येत नाही. लोहार डॅमन ते इंजिन दुरुस्त करतो तोवर साधी मिठीसुद्धा नाही. अडथळा तिच्या कथेतूनच आला, त्यामुळे थांबणं खेळाडूला जाचत नाही.

याउलट वेळेचा हिशोब निव्वळ घड्याळावर सोडला की काय होतं ते २०००च्या 'बाल्डर्स गेट २'मध्ये बघायला मिळतं. तिथे प्रेमाचे संवाद टायमरवर चालायचे. ठरलेला वेळ उलटला की सोबती बोलायला येणार, मग तुम्ही भुयारात राक्षसांच्या तोंडी का असेना. त्यावर पुष्कळ हसू झालं. पण एक गोष्ट त्यात अस्सल होती, आणि ती पुढच्या बऱ्याच खेळांनी गमावली: बोलायला सोबती यायचा. खेळाडूने जाऊन 'आज काही नवीन आहे का' असं प्रत्येकाला टोकरत बसायचं नव्हतं. जाहेरा या सोबतिणीच्या नवऱ्याचा मृतदेह खेळाच्या पहिल्याच भुयारात सापडतो, त्यामुळे ती कधी बोलायला येते आणि कधी मध्येच तोडून निघून जाते यालाही अर्थ होता. (ते प्रकरण जरा लवकरच सुरू होतं असं माझं मत आहे, पण तो वाद पुन्हा कधीतरी.) तू टायमर वापरू नकोस, मुक्काम वापर. शेवंता मुक्कामावर स्वतःहून दोनदा येऊ दे, आणि त्यातल्या एका खेपेस प्रेमाचा विषयही नको. बापाने शिकवलेला सांध्याचा एखादा डाग जमत नाहीये म्हणून वैतागून आलेली असू दे.

पैंजणांचं काय करायचं ते सांगतो. ठेव, पण तांबटाच्या पोरीच्या हातात धातू आला की ती काय करेल? पैंजण तळहातावर तोलेल, नखाने एकावर टिचकी मारेल, आवाज ऐकेल. मग:

"कितीला घेतले?"

"सहा होन."

"फसवलं तुम्हाला. वरून पाणी दिलंय, आत सगळं शिसं." थोडं थांबून, "कुठल्या दुकानातून? मीपण येते, बघते त्याच्याकडे."

मर्जी एका गुणाने नाही वाढली तरी चालेल. खेळाडूला एक छोटी क्वेस्ट, म्हणजे कामगिरी, मिळाली, शेवंता शेवंताच राहिली, आणि भर बाजारात ती त्याची बाजू घेऊन भांडतेय. हे प्रेमाचं दृश्य आहे, पण तसं कुणी म्हणत नाही.

मर्जीच्या आकड्याचा आणखी एक तोटा असतो, त्याकडे नवे लेखक लक्ष देत नाहीत. खेळाडू खोटं बोलायला लागतो. समोरच्याला काय आवडेल ते ओळखून तेवढंच उत्तर निवडतो, आणि त्याचं स्वतःचं पात्र विरघळून जातं. 'ड्रॅगन एज २'ने २०११मध्ये यावर एक तोड काढली होती. मर्जीची पट्टी दोन्ही बाजूंना जायची, एकीकडे मैत्री, दुसरीकडे स्पर्धा, आणि प्रेम दोन्ही टोकांना शक्य होतं. पटलं नाही म्हणून दंड नव्हता. त्या खेळात बाकी खोट काढायला पुष्कळ जागा आहे, पण ही कल्पना उचलण्यासारखी आहे. शेवंताशी चौकीवरच्या लाचेवरून भांडण झालं तरी वाट बंद पडू नये.

नुसतं सौजन्याने बोललं तरी प्रेमात अडकवणारे संवाद मात्र काढ. "जखम कशी आहे?" हा प्रश्न पुढच्या दृश्यात कबुलीजबाब ठरतोय, आणि खेळाडू बिचारा गोंधळतो. 'ड्रॅगन एज २'मध्ये प्रेमाच्या पर्यायापुढे हृदयाचं चिन्ह यायचं. चिन्ह हवंच असं नाही, पण खेळाडूला कळलं पाहिजे आपण काय बोलतोय ते.

नकार दोघांनाही देता यावा. शेवंतालाही. त्यातही तिच्या नकाराला खेळाडूच्या चुकीबाहेरचं कारण असेल तर ते जास्त लागतं. 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'मधला सोबती सोलास प्रेमिकेला एका निवांत जागी नेतो, तिच्या चेहऱ्यावरच्या गोंदणाचा खरा इतिहास सांगतो आणि तिथेच नातं तोडतो. का, ते खेळ संपल्यावर कळतं. २०१४पासून लोक त्यावर हळहळतायत, आणि त्यात खेळाडूचं एकही उत्तर चुकलेलं नसतं.

सोबत्यांना एकमेकांशी बोलू दे, हे तर मी आधीही सांगितलंय. 'इन्क्विझिशन'मध्ये डोरियन आणि आयर्न बुल या दोघांपैकी कुणाशीच खेळाडूने जमवलं नाही आणि दोघांना बरोबर घेऊन हिंडत राहिलं, तर वाटेवरच्या गप्पांतून त्यांचंच जमतं. 'मास इफेक्ट ३'मध्ये गॅरस आणि ताली हे दोघे सोबती एकटे राहिले असतील तर शेवटच्या मोहिमेआधी जहाजाच्या तोफखान्यात एकमेकांच्या मिठीत सापडतात. असं काही एकदा दिसलं की खेळाडू बाकीच्या सगळ्यांकडे वेगळ्या नजरेने बघतो. तुझ्या तांड्यात तो बासरीवाला रिकामाच बसलेला असतो ना?

कबुलीनंतरचं काय, हे तू लिहिलेलंच नाहीस. पहिल्या 'मास इफेक्ट'ने निर्णायक मोहिमेच्या आदल्या रात्री प्रेमाचा प्रसंग ठेवला आणि कित्येक वर्षं सगळे तोच साचा गिरवत राहिले. एक रात्र, मग शेवटची लढाई, मग श्रेयनामावली. नंतर जगायचंच नाही. २०१५च्या 'द विचर ३'मध्ये नायक गेराल्ट आणि जादूगारीण येनेफर यांचं नातं खेळाच्या आधीपासूनचं. एका जिनकडे मागितलेल्या इच्छेने ते दोघे बांधले गेलेत, आणि येनेफरला ती जादू तोडायची आहे, कारण जादू गेल्यावर काही उरतं का ते तिला बघायचंय. जादू तुटते. डोंगरमाथ्यावर येऊन पडलेल्या एका फुटक्या जहाजावर दोघं बसतात, आणि गेराल्टने काय उत्तर द्यायचं ते खेळाडूने ठरवायचं. 'आता तसं काही वाटत नाही' हेही उत्तर तिथे आहे. शेवंतासाठी एवढं मोठं नको. कबुलीनंतरच्या मुक्कामांवर तिचे चार-पाच साधे संवाद लिही. ती खेळाडूचं चिलखत सांधताना आता मजुरी मागते का, एवढं जरी दाखवलंस तरी पुरे.

आणि तुझा खेळ मराठीत आहे, म्हणून एक कामाची गोष्ट. शेवंता सुरुवातीला अहो-जाहो करते, मग अरे-तुरेवर कधी येते याला एक वेगळा फ्लॅग (प्रोग्राममधली हो-नाहीची खूण) ठेव, मर्जीशी जोडू नकोस. चौकीवर बाण सुटतो तेव्हा तिच्या तोंडून "तू मागे हो!" निघून जाऊ दे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निमूट "तुम्ही". लक्षात आलेला खेळाडू खूश होईल, न आलेल्याचं काही बिघडत नाही. खर्चाचाही विचार कर. "तुम्ही आलात" एकदाच रेकॉर्ड करून भागतं, पण अरे-तुरे सुरू झालं की "आलास" आणि "आलीस" असे दोन टेक लागतात, कारण तुझा खेळाडू पुरुष किंवा बाई काहीही असू शकतो. स्टुडिओ बुक करण्याआधी ते मोजून घे, नाहीतर शेवटच्या अंकात पैसे संपतील आणि शेवंता पुन्हा अहो-जाहोवर येईल.

पुढचा मसुदा पाठवताना पूर्ण स्क्रिप्ट नको. खेळाडूने तिच्याशी एकदाही गोड बोललं नाही असं धरून शेवंताची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची कथा दोन पानांत लिहून पाठव. ती वाचायला मजा आली तर प्रेमाचे प्रसंग आपण बसून जोडू, आणि बासरीवाल्याचंही बघू.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
दादा