तिकिटावरचे तास

ताई, पहिल्यांदाच लंडनला निघालात म्हणून सांगते. मुंबई ते हीथ्रो सरळ अंतर साधारण 7,200 किलोमीटर. तिकिटावरच्या सुटायच्या-पोचायच्या वेळांची नुसती वजाबाकी करू नका, दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या असतात. पहिल्या खेपेला मी तेच केलं आणि "पाच तासांत लंडन!" म्हणून अख्ख्या सोसायटीत सांगत सुटले. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. तेवढे मिळवा, मग साडेनऊ-दहा तास निघतात. येताना उंचावरचे पश्चिमेकडून वाहणारे वारे पाठीशी असतात, त्यामुळे बऱ्याचदा तासभर वाचतो.

खरी धाकधूक ठाण्यातल्या घोडबंदर ते मुंबईच्या सहार विमानतळाची. पहाटे तासाभरात पोचाल, पण संध्याकाळी माजिवड्याच्या पुलाखालीच अर्धा तास जातो. एकदा मी मांडीवर पासपोर्ट घेऊन समोरच्या टँकरचे लाल दिवे बघत बसले होते, तेव्हा ते 7,200 किलोमीटर किरकोळ वाटले. विमानाच्या तीन तास आधी टर्मिनल 2, त्याआधी रस्त्याचे दोन. आणि हो, लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत नको, सामानात टाका.